माईलस्टोन ३३

इंफाळहून दक्षिणेला जाणारा रस्ता बिष्णुपूर, निंगथौखोंग, मोइरांग करत तोरबुंगला पोचतो. इथे खोरे संपत येते, डोंगर अंगावर येऊ लागतात आणि बिष्णुपूर जिल्हा संपून चुराचांदपूर लागतो. हद्दीवरची पाटी जिल्ह्याचे नाव सांगते, तेवढेच तिचे काम. लष्करी इतिहास वाचलेल्या माणसाला मात्र ही जागा दुसऱ्याच नावाने ठाऊक असते : टिड्डिम रोड, माईलस्टोन ३३.

आपल्याकडे ‘मैलाचा दगड’ म्हटले की सत्कार समारंभातली भाषणे आठवतात. १९४४ साली या रस्त्यावर तो पत्ता होता. गावे विरळ, त्यांची नावे परक्या जिभेला जड (पोत्सांगबामचे तर गोऱ्या सोल्जरांनी ‘पॉट्स अँड पॅन्स’ करून टाकले), नकाशे बेताचे. त्यामुळे वॉर डायरीत लढाईची जागा दगडाच्या आकड्याने लिहिली गेली.

मे १९४४ मध्ये जपानी ३३ वी डिव्हिजन बिष्णुपूरच्या बाजूने इंफाळवर दाब देत होती. आपल्या १७ व्या डिव्हिजनने ठरवले, शत्रूच्या पाठीमागे जाऊन त्याचा रस्ताच तोडायचा. ४८ ब्रिगेड लोकटाक सरोवराला पूर्वेकडून वळसा घालून आली आणि तोरबुंगला रोडब्लॉक लावून बसली. त्यात पहिली बटालियन, ७ वी गुरखा रायफल्स होती. जपान्यांनी दोन्ही बाजूंनी हल्ले केले. ब्लॉक आठवडाभर टिकला. उत्तरेकडून दुसरी ब्रिगेड रेटत येऊन शत्रूला मध्ये चिरडणार होती, ते जमले नाही. शेवटी ४८ ब्रिगेड लढत लढत रस्त्यानेच वर सरकली. योजना म्हणून मला ती आजही धाडसी वाटते. शत्रूच्या पुरवठ्याच्या वाटेवर बसायचे म्हणजे आपलाही पुरवठा तुटणार, हे माहीत असून माणसे तिथे गेली.

याच बटालियनच्या गंजू लामा यांना मे महिन्यात या रस्त्यावर रणगाडा फोडल्याबद्दल मिलिटरी मेडल मिळाले आणि १२ जूनला निंगथौखोंगला जखमी अवस्थेत दोन रणगाडे फोडल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस. मूळचे ते सिक्कीमचे, नाव ग्याम्त्सो. भरतीच्या कारकुनाने ‘गंजू’ लिहिले आणि तेच राहिले.

मराठा लाइट इन्फंट्रीची ४/५ बटालियन मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येला सांगशाकला लढली. त्या लढाईला गावाचे नाव मिळाले आणि गाव जागेवर आहे. सातारा-कोल्हापूरकडचा एखादा नातू आजही विचारत विचारत तिथे पोचू शकतो. ज्याचा आजा ‘एमएस ३३’ला पडला, त्याने कोणाला विचारायचे? मैल गेले, किलोमीटर आले.

या दोन जिल्ह्यांची हद्द युद्धाच्या कितीतरी नंतरची. डोंगरातला जिल्हा १९६९ मध्ये ‘मणिपूर दक्षिण’ म्हणून झाला, बिष्णुपूर १९८३ मध्ये. मे २०२३ पासून तोरबुंगचे नाव वेगळ्याच कारणाने बातम्यांत आहे. त्याबद्दल गणवेशात असताना मी लिहिणार नाही. एवढेच म्हणतो, की त्या हद्दीवर कधी दगड बसलाच, तर त्यावर दोन्ही जिल्ह्यांच्या भाषांत लिहावे, आणि आपल्या पलटणींबरोबर जपान्यांचाही उल्लेख असावा. इंफाळजवळ रेड हिलच्या पायथ्याशी १९९४ पासून जपानचे स्मारक आहेच. मेलेल्यांशी तिथल्या लोकांनी वैर धरलेले नाही.

घरी आजोबांची जुनी कागदपत्रे असतील तर एक सांगतो. आधी रस्ता कोणता ते बघा. टिड्डिम रोडचे मैल इंफाळपासून मोजलेले आहेत, कोहिमाकडच्या रस्त्याचे दिमापूरपासून. माईलस्टोन १०९ दोन्हीकडे आहे : एकीकडे मार्च १९४४ मध्ये जपान्यांच्या हाती पडलेला सप्लाय डेपो, दुसरीकडे २२ जूनला इंफाळचा वेढा उठला ती जागा. रस्ता नक्की झाला की आकड्याला १.६ ने गुणा. ३३ चे ५३ किलोमीटर होतात.