दुसरी लाथ

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. रोह्याला शाळांचे फुटबॉल सामने होते आणि आमची मुलं घेऊन मी गेलो होतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. पण खेळाचे शिक्षक रजेवर असले की मुख्याध्यापकांना माझी आठवण होते. मैदानात घोट्याएवढं पाणी. आपल्या रायगडात कबड्डीला जेवढी माणसं जमतात त्याच्या चौथा हिस्सासुद्धा फुटबॉलला जमत नाही, त्यामुळे बघायला आम्ही शिक्षक, दोनचार पालक आणि एक चहावाला.

आमच्या आठवीतल्या एका मुलाकडे चेंडू होता. समोरच्या संघातला अंगाने थोराड मुलगा मागून घसरत आला आणि त्याने बुटाचा तळ याच्या नडगीवर घातला. चेंडू केव्हाच पुढे गेला होता. रेफ्री चेंडूकडे बघत होता. आमचा मुलगा चिखलात पडला, कळवळला, आणि पडल्या पडल्याच त्याने दुसऱ्या पायाने त्या मुलाच्या पोटरीवर लाथ मारली. तेवढ्यात रेफ्रीची मान वळली. शिट्टी वाजली आणि रेड कार्ड निघालं. मुलगा लंगडत बाहेर आला आणि मला म्हणाला, "सर, पहिला त्यानं मारला." मी म्हणालो, "तू कशाला मारलास?" शिक्षक लोक हेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शाळेत अहवाल द्यायचा होता. मी दोन ओळी लिहिल्या. विद्यार्थ्याने प्रतिस्पर्ध्यास लाथ मारली, बाहेर काढण्यात आले. त्यावरून त्याला वर्षभर शाळेच्या संघातून वगळलं. त्याचे वडील रिक्षा चालवतात. ते आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पोराचं चुकलंच. पण त्या दुसऱ्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिली लाथ मी अहवालात लिहिलीच नव्हती.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. धोकादायक टॅकल झाल्यावर जो खेळाडू उलट मारतो त्याला शिक्षा कमी असावी का? पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत, कासू आणि नागोठण्याच्या मध्ये कुठेतरी, मी यावर बराच विचार केला आहे. हाताला लागेल ते वाचलंही आहे.

फुटबॉलचा नियम सरळ आहे. नियम क्रमांक १२ मध्ये चेंडूसाठी झगडताना केलेला धोकादायक टॅकल वेगळा आणि चेंडू बाजूला असताना केलेली मारहाण वेगळी. दोन्हीला रेड कार्डच आहे. मारण्याचा प्रयत्न केला आणि तो लागला नाही, तरीही कार्ड निघू शकतं. पण आधी कोणी मारलं, याला तिथे जागा नाही. १९९८ च्या विश्वचषकात सेंट एटिएनला अर्जेंटिनाच्या सिमेओनेने बेकहॅमला मागून पाडलं. बेकहॅमने जमिनीवर पडल्या पडल्या पाय उचलून त्याला हलकेच मारलं. बेकहॅमला रेड, सिमेओनेला यलो. इंग्लंड हरलं आणि पुढे कित्येक महिने बेकहॅमला स्वतःच्याच देशातल्या मैदानांवर शिव्या खाव्या लागल्या. तो प्रसंग मी कॉलेजात असताना टीव्हीवर पाहिला होता. आमच्या मुलाची लाथ बघताना तोच आठवला.

आता देशाचा कायदा बघा. मेकॉलेने १८३७ मध्ये ज्याचा मसुदा केला आणि १८६० मध्ये जो मंजूर झाला, त्या भारतीय दंड संहितेत ही सवलत अगदी आकड्यांत लिहिलेली होती. कलम ३२३ प्रमाणे कुणाला जाणूनबुजून साधी इजा केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीच इजा गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे झाली तर कलम ३३४, आणि शिक्षा एक महिन्यापर्यंत किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. वर्षाचा महिना झाला! मोठी दुखापत असेल तर सात वर्षांऐवजी चार. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली, कलमांचे नंबर बदलले, पण चिथावणीची सवलत तिथेही आहे.

म्हणजे रस्त्यावर जी सवलत मिळते ती मैदानावर नाही. पण त्या कलमात एक अट आहे, ती मला फार मोलाची वाटते. ज्याने चिथावलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला इजा करण्याचा हेतू नसावा. ही अट पुढे लागणार आहे.

चिथावणी म्हटलं की मुंबईचा नानावटी खटला आठवतोच. २७ एप्रिल १९५९. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधाची कबुली दिली. नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नव्हता म्हणून त्याच्या घरी गेले आणि तिथे गोळ्या सुटल्या. झटापटीत गोळी सुटली, हा त्यांचा मुख्य बचाव. त्याच्या जोडीला दुसरा मुद्दा होता चिथावणीचा. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष म्हटलं. करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने आधीच त्यांना नायक करून टाकलं होतं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

न्यायमूर्ती सुब्बाराव यांच्या त्या निकालात घड्याळ आहे. नानावटी घरातून निघाले दुपारी दीड वाजता, खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. मधले जवळजवळ तीन तास माणसाला भानावर यायला पुरेसे आहेत, असं न्यायालयाने ठरवलं. त्या तीन तासांत ते गाडी चालवत होते, जहाजावर कामं करत होते. ज्याचा राग डोळ्यांपुढे अंधारी आणतो तो माणूस अशी कामं करत नाही. मात्र याच निकालाने असंही म्हटलं की चिथावणी मोजताना आरोपीच्या समाजातला, त्याच्या परिस्थितीतला साधारण माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा. साधुसंत नव्हे, साधारण माणूस.

हे घड्याळ मी फुटबॉलला लावून बघितलं, आणि जो खेळाडू मला सर्वांत जास्त आवडतो तोच त्यात सापडला. २४ सप्टेंबर १९८३, बार्सिलोना. अॅथलेटिक बिल्बाओच्या गोइकोएचियाने मागून येऊन मॅराडोनाचा डावा घोटा मोडला. रेफ्रीने त्याला मैदानाबाहेर काढलं नाही. नंतर सामन्यांची बंदी आली, तीही कमी झाली. ज्या बुटाने घोटा मोडला तो त्याने घरात काचेच्या पेटीत ठेवला, असं सांगतात. मॅराडोना सुमारे साडेतीन महिने बाहेर होता. पुढे ५ मे १९८४ ला माद्रिदमध्ये राजाच्या चषकाचा अंतिम सामना, समोर पुन्हा बिल्बाओ, खुद्द राजा हजर. बार्सिलोना एका गोलने हरलं. शेवटची शिट्टी झाली आणि मॅराडोनाचा तोल गेला. त्याच्या गुडघ्याच्या फटक्याने बिल्बाओचा मिगेल सोला खाली कोसळला आणि मग दोन्ही संघांत जी लाथाबुक्की झाली ती अख्ख्या स्पेनने पाहिली. मॅराडोनाला तीन महिन्यांची बंदी. त्या उन्हाळ्यात तो स्पेन सोडून नेपल्सला गेला.

मॅराडोनाबद्दल मला कितीही माया असली तरी इथे त्याला सूट देता येत नाही. घोटा मोडला गोइकोएचियाने, गुडघा बसला सोलाला. सोलाने त्या क्षणी डिवचलं असेल, पण घोट्याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता. कलम ३३४ ची अट इथेच मोडते. आणि मधे सात महिने गेले होते, तीन तास नव्हेत. पण दुसरी बाजूही खरी आहे. सप्टेंबरमध्ये रेफ्रीने रेड कार्ड काढलं असतं आणि बंदी पुरती भोगायला लावली असती, तर मे महिन्यात मॅराडोनाच्या मनात तेवढं साचलं नसतं. न्याय झाला नाही की माणूस तो आपल्या पायाने करायला बघतो.

पेलेचं उदाहरण याच्या उलट आहे. १९६६ ला इंग्लंडमध्ये पोर्तुगालच्या खेळाडूने त्याला इतकं तुडवलं की तो लंगडत खेळत राहिला, कारण तेव्हा बदली खेळाडू नव्हता. मारणारा शेवटपर्यंत मैदानात राहिला. चार वर्षांनी मेक्सिकोत उरुग्वेच्या फोंतेसने पाठलाग करून पेलेला छळलं तेव्हा पेलेने धावता धावता त्याच्या तोंडावर कोपर हाणलं. रेफ्रीने फ्री किक दिली ती ब्राझीलला! रेफ्रीला पहिला वार दिसला, दुसरा निसटला. आमच्या रोह्याच्या मैदानात याच्या उलट झालं, एवढाच फरक.

आपल्या देशात अशा एका दुसऱ्या लाथेची किंमत माणसांनी मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८०, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. उत्तरार्धात ईस्ट बंगालच्या दिलीप पालितने मोहन बागानच्या बिदेश बोसला वाईट पाडलं, बिदेशने उलट केलं, दोघांनाही बाहेर काढण्यात आलं. तोवर स्टँडमध्ये आग पेटली होती. मारामारी, चेंगराचेंगरी, आणि १६ प्रेक्षक मेले. बंगालमध्ये आजही त्या दिवशी त्यांच्या आठवणीत रक्तदान होतं. इथे रेफ्रीने दोघांना सारखीच शिक्षा दिली, तरी लोक मेले. म्हणून कार्डाच्या रंगात सगळा न्याय सापडेल असं मी म्हणत नाही. पण ती १६ माणसं आठवली की उलट मारणाऱ्याला मैदानातच ठेवा, असं म्हणण्याची हिंमत होत नाही. गर्दीला पहिलं काय, दुसरं काय, दिसतो तो फक्त मार.

माझं मत इथे येऊन थांबतं. मैदानावर दोघांनाही रेड कार्ड. रेफ्रीकडे एक सेकंद असतो, त्यात त्याने कुणाचं मन वाचायचं? पण पुढची बंदी ठरवणाऱ्या समितीकडे आठवडा असतो, चित्रण असतं, अहवाल असतो. तिथे घड्याळ लावावं. उलट वार त्याच क्षणी झाला का, ज्याने मारलं त्यालाच झाला का, मिळालेल्या दुखापतीपेक्षा मोठा नव्हता ना? तिन्हींचं उत्तर हो असेल तर शिक्षा कमी करावी, आणि पहिल्याची वाढवावी. हे अशक्य नाही. २००६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यानंतर फिफाने झिदानला तीन सामन्यांची बंदी दिली, तशी डिवचणाऱ्या मॅटेराझीलाही दोन सामन्यांची दिली. मैदानावर मॅटेराझीला त्या प्रसंगासाठी कार्ड मिळालं नव्हतं. तिथे टॅकल नव्हता, शब्द होते, तरीही पहिल्याला जाब विचारला गेला.

माझे काही मित्र म्हणतील, सर, तुम्ही उर्दू शिकवता, सब्र शिकवा. शिकवतो ना. रूमींच्या मसनवीतली हजरत अलींची (रजि.) गोष्ट दर वर्षी सांगतो. लढाईत त्यांनी शत्रूला खाली पाडलं, तो त्यांच्या तोंडावर थुंकला, आणि अलींनी तलवार टाकून दिली. शत्रूने विचारलं, का सोडलंस? ते म्हणाले, मी अल्लाहसाठी लढत होतो, तू थुंकलास तेव्हा त्यात माझा स्वतःचा गुस्सा मिसळला. ही गोष्ट मी त्या सामन्यानंतर मुद्दाम त्याच वर्गात सांगितली. मागच्या बाकावरून तो मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, पण हजरत अली वर होते. मी खाली होतो."

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, वर असलेल्याची माफी आणि खाली पडलेल्याचा सब्र एकाच तराजूत घालताना मीच घाई केली. किसासबद्दलही आपल्याकडे लोक अर्धवटच बोलतात. जेवढी इजा तेवढाच बदला, त्याहून जास्त नाही, अशी ती मर्यादा आहे, आणि माफ केलं तर उत्तम. पण माफ करण्याचा हक्क ज्याला लागलंय त्याचा. त्याच्या वतीने शिक्षकाने अहवालातून पहिली लाथ गाळून टाकणं याला माफी म्हणत नाहीत.

तो मुलगा आता दहावीत आहे. बंदीचं वर्ष संपलं तरी तो परत मैदानात आला नाही, संध्याकाळी वडिलांच्या मित्राच्या गॅरेजमध्ये बसतो. मागच्या आठवड्यात मी तो जुना अहवाल शोधून काढला आणि खाली तारीख टाकून तिसरी ओळ लिहिली की त्याआधी प्रतिस्पर्ध्याने विद्यार्थ्याच्या नडगीवर धोकादायक टॅकल केला होता, रेफ्रीने तो पाहिला नाही, मी पाहिला. खेळाचे शिक्षक म्हणाले, आता याचा काय उपयोग? मग हा लेखही त्या मुलाला वाचायला दिला. नानावटींचा भाग त्याने दोनदा वाचला.

"सर," तो म्हणाला, "माझे तर तीन सेकंदपण झाले नव्हते."