साडेसहा ते सूर्यास्त

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, झोप उडण्याची कारणं दिली आहेत. यादी छोटीच आहे : कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. म्हणजे काम, वय, आजार, माणसाचा मूळ स्वभाव आणि वाढलेला वात. पहिला नंबर कामाचा.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. अंथरुणात पडून, मोबाइलवर वाचत होते. झोप येण्याचे नैसर्गिक उपाय शोधत शोधत तिथपर्यंत पोचले होते, आणि उपायांच्या आधी हे कारण समोर आलं.

त्याआधीची तीन वर्षं मी एका कंपनीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करत होते. संध्याकाळी साडेसातला गाडी न्यायला यायची, पहाटे पाचला सोडायची. मग दिवसाची नोकरी मिळाली. वाटलं, आता सगळं जागेवर येईल. आठ महिने झाले तरी रात्री दोनपर्यंत डोळे टक्क उघडे. दुधात जायफळ उगाळून झालं, खसखस झाली, अश्वगंधा झाली, पावसाचा आवाज ऐकवणारं ॲप झालं. आजी काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळून द्यायची. ते फार छान वाटायचं, आणि मग मी छान वाटत जागी राहायची.

एकदा वाटी फिरवता फिरवता ती म्हणाली, "तुझ्या आजोबांची पण अशीच गेली होती गं झोप. ती काय त्यांची एकट्याची नव्हती, सगळ्या चाळीची गेलेली."

झोप सगळ्या चाळीची कशी जाते, हे कळायला मला बरंच मागे जावं लागलं.

आपल्या भाषेत रात्रीसाठी किती शब्द आहेत बघा. तिन्हीसांजा, कातरवेळ, निजानीज, मध्यरात्र, उत्तररात्र, पहाट, झुंजुमुंजू, रामप्रहर. ज्यांनी हे शब्द वापरले ते लोक दिवा मालवून सकाळपर्यंत सलग आठ तास ढाराढूर झोपत असतील असं वाटत नाही. रात्रीचे इतके तुकडे ओळखायचे तर त्यातल्या काहींमध्ये जागं असावं लागतं. पहाटेच्या अंधारात बायका जात्यावर बसायच्या, आणि दळता दळता ओव्या व्हायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. म्हणजे मराठी बायकांचं एवढं मोठं काव्य हे झोपमोडीतून आलेलं आहे. (रोमँटिक होण्याआधी एवढं लक्षात ठेवावं की त्या बायकांना उठायचं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं.) त्याशिवाय कार्तिकातली काकड आरती, रात्रभराचा गोंधळ, उजाडेपर्यंत चालणारं दशावतारी नाटक, आणि कोजागिरी, जिचा अर्थच मुळी 'कोण जागं आहे?' असा.

युरोपातल्या रात्रींवर रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराने मोठं काम केलंय. जुने कोर्टाचे जबाब, रोजनिशा, वैद्यकाची पुस्तकं चाळताना त्यांना 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे उल्लेख पुन्हा पुन्हा सापडले. लोक काही तास झोपत, मध्यरात्रीच्या सुमारास उठत, प्रार्थना करत, गप्पा मारत, चुलीकडे बघून येत, आणि परत झोपत. २००५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, थॉमस वेअर या मानसोपचारतज्ज्ञाने एका प्रयोगात काही माणसांना महिनाभर रोज चौदा तास अंधारात ठेवलं होतं. चौथ्या आठवड्यापर्यंत त्यांची झोप आपोआप दोन तुकड्यांत मोडली, मध्ये शांत जागेपणाचा पट्टा.

हे वाचून मी खूश झाले होते. म्हणजे मला काही झालेलंच नाही, मी फक्त सतराव्या शतकात जगतेय! पण २०१५ साली जेरोम सीगल आणि सहकाऱ्यांनी टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या तीन समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक विजेशिवाय राहतात. ते सूर्य मावळल्यावर लगेच झोपत नव्हते, साधारण तीन तासांनी आडवे होत. झोपही बहुतेक सलगच होती, आणि सरासरी सहा-सात तासांचीच, कुठे त्याहूनही थोडी कमी. म्हणजे 'नैसर्गिक झोप' नावाचा एकच साचा सगळ्या माणसांसाठी नाही. एक गोष्ट मात्र तिन्ही ठिकाणी सारखी होती : झोपायची आणि उठायची वेळ ऊन, अंधार आणि गारवा यांना बांधलेली होती. आणि त्यातल्या दोन समाजांच्या भाषेत निद्रानाशासाठी शब्दच नव्हता.

आता मुंबई.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. सभांमधून एक अर्ज तयार झाला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या साध्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. आणि एक मागणी अशी, की कामाचे तास सकाळी साडेसहा ते सूर्यास्त असावेत.

ही शेवटची मागणी मी दोन-तीनदा वाचली. तेव्हा गिरण्या उजेड झाला की सुरू आणि उजेड गेला की बंद अशा चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. कामगार आठ तास मागत नाहीयेत, दहाही नाहीत. सकाळची बाजू ते घड्याळाने बांधून मागतायत, आणि संध्याकाळची बाजू सूर्याच्या भरवशावर सोडतायत. सूर्य काही मालकांच्या ऐकण्यातला नाही, एवढी खात्री त्यांना होती. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले होते आणि दोन बायकांनीही भाषणं केली होती.

सूर्यास्ताचा भरवसा मात्र फार टिकला नाही. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ लाच आले होते, क्रॉफर्ड मार्केटात विजेचा दिवा १८८२ ला लागला. शतक बदलता बदलता गिरण्यांत वीज आली. कापडाला तेजी आली तशा, १९०५ च्या सुमारास, काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. बाहेर अंधार, आत साच्यांवर लख्ख उजेड.

त्यात आणखी एक गंमत झाली, कामगारांसाठी ती गंमत नव्हती. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे घड्याळात तेच सहा वाजणार, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी. आपल्याला ३९ मिनिटं म्हणजे दोन रील्स बघेपर्यंत जातात. बारा-चौदा तास उभं राहून आलेल्या माणसासाठी ती पहाटेची ३९ मिनिटं होती. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगार या नव्या वेळेविरुद्ध उठले, दगडफेकही झाली. मुंबईतले बरेच लोक नंतर कितीतरी वर्षं हट्टाने 'बॉम्बे टाइम'च पाळत राहिले. इतिहासात हे प्रकरण साम्राज्याला विरोध म्हणून सांगितलं जातं, ते बरोबरच आहे. पण मला त्यात आधी जांभई ऐकू येते.

कायदा हळूहळू आला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ ला ती अकरावर आली, १९३४ ला दहावर, १९४८ ला आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरले. तास कमी झाले खरे. पण गिरणी थांबत नव्हती. माणसं बदलत होती. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. सूर्यास्त हा शब्द हिशेबातून गेला.

माझे आजोबा लालबागला साचेखात्यात होते. दहा बाय बाराची खोली, त्यात आजी, तीन मुलं आणि गावचे दोन पुरुष. एक उठला की त्याच पथारीवर दुसरा आडवा व्हायचा. पथारी गार व्हायची नाही, असं आजी सांगते. रात्रपाळी असली की आजोबा साडेअकराला निघायचे आणि सकाळी भोंग्यानंतर यायचे. मग आजी खिडकीला गोधडी लावायची, स्टोव्ह गॅलरीत न्यायची, मुलांना बाहेर हाकलायची. शेजारचा रेडिओही खालच्या आवाजात, कारण उद्या त्यांच्याकडे रात्रपाळी असायची. "त्यांना झोप लावणं हीच माझी पाळी होती," ती म्हणते. "माझी कधी सुटायची नाही."

गोधडी लावताना तिला विज्ञान माहीत नव्हतं, पण चुकत नव्हती. डोळ्यांवर उजेड पडला की मेंदूतलं घड्याळ 'दिवस' अशी नोंद करतं आणि मेलाटोनिन दबतं. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. पाळी दर आठवड्याला बदलली तर ते घड्याळ कुठेच लागत नाही. २००७ साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. आजोबा त्याच्या कितीतरी आधी गेले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. भोंगे थांबले. मला वाटायचं, निदान तेव्हा तरी आजोबा झोपले असतील. आजी म्हणाली, छे! रात्री गॅलरीत बसून राहायचे, सगळी गॅलरी भरलेली असायची. कुणी बोलायचं नाही. दोन वर्षांनी त्यांना एका इमारतीवर वॉचमनचं काम मिळालं. रात्रीचंच. "जागायची सवय आहे ना तुम्हाला," असं म्हणून दिलं.

माझं आता बरं चाललंय. उपाय म्हणाल तर कंटाळवाणे आहेत. रोज, रविवारीसुद्धा, साडेसहाला उठते आणि चहा घेऊन गच्चीवर उन्हात बसते. दुपारी झोपत नाही. रात्री घरातला पांढरा दिवा बंद, मोबाइल स्वयंपाकघरात. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, पेंग येईपर्यंत परत जायचं नाही. ही पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली आणि निद्रानाशाच्या औषधाविना उपचारांत ती आजही वापरतात. चरकांच्या उपायांतलं अभ्यंग आणि दूध मी घेतलं. त्यांच्या यादीत मांसरस आणि मद्यही आहे, पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीतून ते का कोण जाणे गळालेलं असतं. हे सगळं जमतंय, कारण माझी गाडी आता संध्याकाळी साडेसातला येत नाही. माझ्या जुन्या टीममधल्या मुलीला मी उन्हात बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "कुठल्या?"

बाहेरच्या खोलीत बसते तेव्हा आजी भेटते. ती नऊला झोपते आणि साडेअकराला, अजूनही, न चुकता उठते. पाणी पिते, दाराची कडी बघते. कधी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबा हलवून ठेवते. मग माझ्याजवळ बसते. आम्ही दिवा लावत नाही. ती गावच्या, चाळीच्या गोष्टी सांगते, अर्ध्यावर थांबते.

"आता निज," म्हणते, आणि माझ्या आधी झोपूनही जाते.