दुरून डोंगर

काठमांडूच्या विमानतळावरून सकाळी लवकर छोटी विमाने उडतात, हिमालयाच्या रांगेला समांतर पूर्वेकडे जातात, एव्हरेस्टच्या अलीकडे वळसा घेतात आणि तासाभरात प्रवाशांना निघाल्या जागी परत आणून सोडतात. जाताना डाव्या बाजूच्या खिडक्यांना हिमशिखरे दिसतात, येताना उजव्या. ‘माउंटन फ्लाइट’ नावाच्या या फेरीकडे डोंगर पायांनी ओळखणारी माणसे जरा नाक मुरडूनच पाहतात. पूर्वी लोक साहसासाठी, संशोधनासाठी हिमालयावर उडाले आणि आता त्याच उड्डाणाचा बाजार झाला, असा त्यांचा सूर असतो. इतिहासाचा हा क्रम मला पटत नाही. एव्हरेस्टवरच्या पहिल्याच उड्डाणाची हकिकत बारकाईने पाहिली, तर डोळे भरून पाहणे आणि इतरांना दाखवणे हाच त्याचा गाभा होता असे दिसते. खिडकीला नाक लावून बसलेला आजचा प्रवासी त्या उड्डाणाचा सरळ वारस ठरतो.

ते उड्डाण ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधल्या पूर्णियाजवळच्या लालबालू धावपट्टीवरून झाले. पूर्णियाच का, याचे उत्तर राजकीय आहे. नेपाळची दारे परक्यांना बंद होती, त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उडण्याची सोयच नव्हती. अशी अडचण पहिल्यांदाच आली होती असेही नाही. १८४९-५० च्या सुमारास सर्वेक्षण खात्याने एव्हरेस्टचे कोन मोजले तेही बिहारच्या मैदानातल्या ठाण्यांवरून, शंभराहून अधिक मैलांच्या अंतरावरून. त्या आकड्यांवर राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिते केली आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. आज मान्य असलेल्या ८८४८.८६ मीटरशी ताडून पाहिले तर चूक तीस फुटांच्या आसपास भरते. मैदानात दुर्बीण रोवून, धुके विरळ होण्याची वाट पाहत बसलेल्या माणसांनी एवढे अचूक काम केले, याचे मला फार मोल वाटते. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण जवळ गेल्यावर होणाऱ्या निराशेसाठी वापरतो. एव्हरेस्टच्या बाबतीत मात्र दुरून पाहणे हीच कित्येक वर्षे एकमेव वाट होती, आणि विमान त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता.

आता १९३३ च्या मोहिमेचा हेतू पाहू. पैसा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य ब्रिटिश बाईंनी दिला. दोन वर्षांपूर्वी श्नायडर करंडकाच्या विमानशर्यतीसाठी एक लाख पौंड देणाऱ्या त्याच या बाई. ब्रिटिशांची धमक हिंदुस्थानला दिसावी, ही त्यांची इच्छा उघड होती. म्हणजे देणगीच मुळी दाखवण्यासाठी होती. विमाने दोन होती: पुढच्या विमानात वैमानिक मार्क्वेस ऑफ क्लाइड्सडेल आणि निरीक्षक कर्नल ब्लॅकर, तर मागच्या विमानात वैमानिक मॅकिन्टायर आणि चित्रपटाचा छायाचित्रकार बॉनेट. चार माणसांतले दोघे कॅमेऱ्यासाठी नेलेले होते. एंजिनांना उंचीवरच्या विरळ हवेत दम राहावा म्हणून हवा दाबून पुरवण्याची सोय, माणसांना प्राणवायू आणि विजेने तापणारे कपडे, आणि कॅमेरे गोठू नयेत म्हणून त्यांनाही ऊब. शिखराजवळ खाली ओढणाऱ्या वाऱ्यात विमाने सुमारे दोन हजार फूट खचली. बॉनेटची प्राणवायूची नळी चिरली. त्याने तिला रुमाल गुंडाळला, तरी तो बेशुद्ध पडलाच. खाली उतरताना शुद्धीवर आला. त्यातून तयार झालेल्या ‘विंग्ज ओव्हर एव्हरेस्ट’ या लघुपटाला १९३६ मध्ये ऑस्कर मिळाले. ज्यांना तिकीट काढून विमानात बसणे शक्य नव्हते, त्यांना थिएटरात बसून तेच दृश्य पाहता आले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पहिल्या उड्डाणात खालची धुळीची झाक इतकी दाट होती, की नकाशासाठी घ्यायची सरळ खालची छायाचित्रे वाया गेली. मग १९ एप्रिलला, लंडनहून आणखी धोका पत्करू नका असे बजावले असतानाही, वैमानिक पुन्हा उडाले आणि ती छायाचित्रे घेऊन आले. नुसते पाहायचे-दाखवायचे असते तर पहिल्याच फेरीवर भागले असते. दुसऱ्यांदा जीव धोक्यात घातला तो शास्त्रासाठीच, असे कोणी म्हणेल. हे मान्य करायला हवे. नकाशासाठी छायाचित्रे आणण्याचा शब्द वैमानिकांनी मनापासून पाळला. पण पुढे काय झाले तेही पाहावे. ही छायाचित्रे रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात जवळजवळ विसरून पडली. १९५१ मध्ये मायकेल वॉर्ड या तरुण डॉक्टर-गिर्यारोहकाने ती, आणि १९४५ व १९४७ च्या गुपचूप उड्डाणांमधली छायाचित्रे, एका जुन्या नकाशासोबत बाहेर काढली. त्यांतून त्याला नेपाळच्या बाजूने चढता येईल अशी शक्यता दिसली. त्याच वर्षी गिर्यारोहक शिप्टनची पाहणी मोहीम गेली आणि १९५३ मध्ये त्याच वाटेने तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोहोचले. वॉर्डने त्या कागदांशी केले ते मुळात पाहणेच होते: उतार किती, बर्फ कुठे तुटलेला, खिंडीत शिरता येईल का. त्यामुळे शास्त्र आणि दर्शन यांच्यामध्ये या आक्षेपातून जी भिंत उभी राहते, ती मला त्या छायाचित्रांत कुठे सापडत नाही.

आल्प्समध्ये तर ही भिंत सुरुवातीपासून नव्हतीच. स्विस फुगेवाला एडुआर्ड स्पेल्टेरिनी ३ ऑक्टोबर १८९८ ला सियॉनहून फुग्यातून निघाला तेव्हा टोपलीत आल्बर्ट हाइम हा नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ होता. फुगा शेवटी फ्रान्समध्ये उतरला. हाच स्पेल्टेरिनी एरवी हौशी प्रवाशांना पैसे घेऊन वर नेई आणि आपली छायाचित्रे पडद्यावर दाखवत व्याख्याने देई. पहिल्या महायुद्धानंतर स्विस वैमानिक वॉल्टर मिटेलहोल्झरने हवाई छायाचित्रणालाच व्यवसायाचे रूप दिले.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो: घाम न गाळता मिळालेले शिखर खरे कसे मानायचे? चढणाऱ्याचा अनुभव वेगळा आणि मोठा, यात वाद नाही. पण आपल्याकडे दर्शनाची कल्पना एवढी कंजूष कधीच नव्हती. पंढरपुरात गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत न पोहोचलेला वारकरी कळसाला हात जोडून परततो, आणि त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. वार्धक्याने गुडघे गेलेली आजी, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा, चालता न येणारे मूल, या सगळ्यांसाठी काठमांडूची ती एक तासाची फेरी म्हणजे कळसदर्शन आहे.

तिसरा आक्षेप जिवाचा आहे, आणि तिथे सबब चालत नाही. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे अंटार्क्टिका दाखवायला निघालेले विमान माउंट एरेबसवर आदळले. २५७ माणसे गेली. मार्गाचे आकडे चालकदलाला न सांगता बदलले गेले होते, आणि प्रवाशांना दिसावे म्हणून विमान खाली आले होते. ढगाखालच्या पांढऱ्या उजेडात समोरचा डोंगर आणि बर्फाचे मैदान यांतला फरकच पुसला गेला. २५ सप्टेंबर २०११ रोजी काठमांडूची माउंटन फ्लाइट परतताना कोटडांड्याच्या ढगात झाकलेल्या टेकडीवर पडली. १९ जण गेले, त्यांत १० भारतीय. या मृत्यूंकडे पाहून अशी उड्डाणे बंदच करावीत, असे म्हणणे मला समजू शकते. पण दोन्ही वेळा विमान जमिनीच्या फार जवळ होते, नजर चालत नव्हती, आणि २०११ च्या अपघातात तर बर्फाची शिखरे केव्हाच मागे पडली होती. जीव गेले ते दुरून पाहण्यामुळे गेले असे म्हणता येत नाही. ते अंतर न राखल्याने गेले. म्हणून ढग असेल तर उड्डाण रद्द करणाऱ्या, पैसे परत करून प्रवाशांची नाराजी सोसणाऱ्या कंपनीचा मला आदर वाटतो. बिहारच्या मैदानात दुर्बीण लावून बसलेल्या मोजणीदारांनीही शिखर ढगात असेल त्या दिवशी वही मिटून ठेवली होती.