कर्णाची निवड : द्रौपदी की दुर्योधन?

फॅन फिक्शन म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं उचलून वाचकानेच पुढची, मधली, राहून गेलेली गोष्ट लिहायची. हा आजकालच्या मुलांचा उद्योग आहे असं आपण समजतो. नाव नवं आहे, खोड मात्र फार जुनी. ती का लागते, हे समजायला मी राहते त्या हेब्बाळमधला एक दगड उपयोगी पडतो.

बेंगळुरूच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवरचं हे हेब्बाळ. 2018 मध्ये इथे खोदकाम करताना एक वीरगळ सापडला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, साधारण इ.स. 750 चा. किट्टय्या नावाचा वीर लढाईत पडला, असं त्यावरचा कन्नड लेख सांगतो. त्याचा जिवलग मित्र कोण, घरी कोण त्याची वाट बघत होतं, याबद्दल दगड गप्प आहे. आणि गोष्ट गप्प झाली की ऐकणारा बोलायला लागतो. कुणी तिथे प्रेयसी आणतं, कुणी मित्र.

फॅन फिक्शनवाल्यांनी या दोन आवडींसाठी खुणाच ठरवल्या आहेत. दोन पात्रांच्या नावांमध्ये तिरकी रेघ असली की प्रेमकथा, आणि ‘अँड’चं चिन्ह असलं की मैत्रीची कथा. ती तिरकी रेघ 1970 च्या दशकात ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी रूढ केली. कर्क आणि स्पॉक हे मित्र की प्रेमिक, यावर त्यांनी ढीगभर कथा लिहिल्या.

आपल्याकडे हा वाद कर्णावरून चालत आलाय. आणि त्याचं बी खुद्द महाभारतात आहे. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला एकटं गाठतो, त्याचा जन्म सांगतो आणि म्हणतो, पांडवांकडे ये. राज्य तुझं, आणि सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझ्याकडे येईल. म्हणजे एका बाजूला राज्य आणि द्रौपदी, दुसऱ्या बाजूला दुर्योधन. कर्ण नाही म्हणतो. ज्या अधिरथ-राधेने वाढवलं त्यांना आणि ज्याच्या आधारावर राज्य भोगलं त्या दुर्योधनाला तो सोडत नाही.

पुढच्या प्रत्येक लेखकाने या दोनांतलं आपल्याला हवं ते उचललं. कन्नडमधला आदिकवी पंप घ्या. 941 च्या सुमारास त्याने ‘विक्रमार्जुनविजय’ रचलं. वेमुलवाड्याचा अरिकेसरी हा त्याचा आश्रयदाता, म्हणून काव्यातला अर्जुन आणि अरिकेसरी त्याने एकच करून टाकले. द्रौपदी एकट्या अर्जुनाचीच पत्नी केली. नायक इतका उचलून धरला, तरी शेवटी तोच पंप सांगतो की भारतातलं कुणी आठवायचंच तर कर्णाला आठवा. त्याचा कर्ण मैत्रीचा आहे. दुर्योधनाची राणी भानुमती, सोंगट्यांचा खेळ, हिसकाहिसकीत तुटलेला मोत्यांचा हार, आणि मनात जराही किंतु न आणता ‘मोती वेचू का?’ असं विचारणारा राजा. अशा माणसाला सोडून तुमच्याकडे कसा येऊ, असं पंपाचा कर्ण विचारतो. व्यासांच्या संहितेत हा हार नाही.

आपल्या मराठी लोकपरंपरेने मात्र दुसरी वाट धरली. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ पुष्कळांनी पाहिलं असेल. कर्णाला बघून द्रौपदीचं मन चळतं, आणि तोडलेलं जांभूळ पुन्हा झाडाला लागायचं तर मनातलं खरं बोलावं लागतं.

1967 मध्ये तर दोन मराठी पुस्तकं एकाच वर्षी आली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन असे एकेक जण आपापली कथा सांगतात, आणि कर्णाची बायको वृषालीही सांगते. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये शेवटच्या वाटेवर कोसळलेली द्रौपदी, आपल्यावर खरं प्रेम भीमाने केलं हे ओळखते. इथपर्यंत संहितेचा आधार आहे, यापुढची माझी नरोटी, असं इरावतीबाई तिथे आधीच बजावतात.

आता माझी आवड. मला कर्ण-दुर्योधनाची मैत्री हवी, कर्ण-द्रौपदीचं प्रेम नको. प्रेमकथांचं मला वावडं नाही. पण हल्लीच्या मालिका आणि कादंबऱ्या ज्या तऱ्हेने ते प्रेम रंगवतात, त्यात एक हिशेब दडलेला असतो. स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणून द्रौपदीने कर्णाला झिडकारलं, त्याचं मन मोडलं, म्हणून तो द्यूतसभेत तसं बोलला! पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून 1966 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली. तिच्या मूळ संहितेत द्रौपदीचं ते वाक्य नाही. काही पोथ्यांतलं म्हणून ते तळटीपेत गेलं. सभेतलं कर्णाचं बोलणं मात्र संहितेत आहे. द्रौपदीला हलका शब्द वापरणारा आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. न बोललेल्या वाक्यासाठी तिला दोषी धरायचं आणि बोललेल्या शब्दांतून त्याला सोडवायचं, हे काम ती प्रेमकथा करते. नकार दिला म्हणून बाईला भर सभेत उघडं पाडणाऱ्याचं दुःख आपण कुरवाळायला लागतो.

जांभूळ आख्यानात हे होत नाही. तिथे मन द्रौपदीचं आहे, कबुलीही तिचीच. कर्णाचा कुठलाही अपराध त्यातून धुतला जात नाही. म्हणून ती प्रेमकथा असूनही मला पटते.

मैत्रीची गोष्ट कर्णाला अशी पळवाट देत नाही. ज्याने मोत्यांचा हार तुटल्यावर संशय घेतला नाही, तोच दुर्योधन सभेत मांडी दाखवतो, आणि कर्ण त्याला अडवत नाही. उलट त्याला खूश करायला चार शब्द वाढवून बोलतो. पांडवांना लागतील असे कटू शब्द बोलल्याचा पस्तावा तो पुढे कृष्णाजवळ व्यक्त करतो, पण बाजू सोडत नाही. चांगल्या मित्राचं वाईट काम आपलं म्हणायचं का, हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरात, कचेरीत, पक्षात रोज येतो. त्याचं उत्तर कर्णाला देता आलं नाही, म्हणून मी त्याच्याकडे परत परत जाते.

तुम्हाला जी जोडी आवडेल ती जरूर लिहा, वाचा. कर्णावरची नवी कादंबरी हातात आली की मात्र आधी द्यूतसभेचं प्रकरण काढा. त्यात द्रौपदी काय बोलते आणि तिचं कोण ऐकतं, एवढं बघा, मग पहिल्या पानावर या.