नवी दाढी ठेवताय? पहिल्या महिन्यापासून अशी घ्या काळजी. ब्लेड, गजकर्ण आणि ट्यूबबाबत राहा सावध

गावोगावच्या तरुणांमध्ये सध्या दाढी राखायची मोठी हौस आहे. कुणी महाराजांसारखी कोरीव दाढी ठेवतो. कुणी श्रावण पाळायचा म्हणून महिनाभर वाढवतो आणि नंतर तीच आवडली म्हणून ठेवून देतो. बायको गरोदर असताना नवऱ्याने दाढी करायची नाही, ही रीतही काही घरांत अजून आहे. दाढी आपोआप वाढते, पण ती नीट दिसावी आणि खालची कातडी चांगली राहावी यासाठी थोडी माहिती लागते. बहुतेकांचा खर्च तेलावर होतो. खरा धोका मात्र दुसऱ्याला वापरलेलं ब्लेड, जनावराकडून आलेला गजकर्ण आणि विचारपूस न करता आणलेली ट्यूब यांचा असतो.

पहिले चार आठवडे धीर धरा

दाढीचा केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर किंवा त्याहून थोडा जास्त वाढतो. सगळीकडचा केस एकाच वेगाने वाढत नाही. हनुवटीवर दाट आणि गालावर विरळ, असं बहुतेकांचं असतं. त्यामुळे दहाव्या-पंधराव्या दिवशी दाढी खराब दिसते आणि अनेक जण तिथेच कंटाळून काढून टाकतात. निदान चार आठवडे आकार देण्याच्या फंदात पडू नये. लांब झालेला केस बाजूची मोकळी जागा झाकतो. या काळात फक्त मानेवर खाली उतरलेले केस काढले तरी चालतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाज सुटते. ब्लेडने कापलेल्या केसाचं टोक बोथट, धारदार असतं आणि ते कातडीला टोचतं. केस वाढून मऊ पडला की खाज बहुतेक वेळा आपोआप जाते. तोवर नखाने खाजवू नये.

वारंवार वस्तरा फिरवला की दाढी दाट येते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधक बाईंनी १९२८ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. दाढी केल्याने केसाची जाडी किंवा वाढ बदलत नाही, असं त्यांना आढळलं. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, ब्लेड तिथपर्यंत पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असल्याने केस राठ लागतो, एवढंच. अठरा-वीस वर्षांच्या मुलाची दाढी विरळ असेल तर काळजीचं कारण नाही. पंचविशी-तिशीपर्यंत ती भरत जाते.

पहिल्यांदा ट्रिम करताना

दाढी धुऊन पूर्ण सुकू द्यावी. ओला केस लांब दिसतो, त्यामुळे ओल्यावर कापलं की अंदाजापेक्षा जास्त उडतं. नंतर कंगव्याने केस वाढीच्या दिशेने विंचरावेत.

ट्रिमरला आधी मोठ्या मापाचा कंगवा लावावा. १ सेंटीमीटरच्या आसपास दाढी असेल तर ९ किंवा १० मिलिमीटरपासून सुरुवात करावी, मग गरजेप्रमाणे एकेक माप खाली यावं. थेट ३ मिलिमीटर लावला आणि चुकलं, तर परत महिनाभर थांबावं लागतं. केसाच्या दिशेने ट्रिमर फिरवला की कमी कापतो, उलट्या दिशेने जास्त कापतो. गाल आणि कल्ल्यांना हनुवटीपेक्षा एक माप कमी ठेवलं की चेहरा रेखीव दिसतो.

मानेची रेघ ही सगळ्यात जास्त चुकणारी जागा. अनेक जण ती थेट जबड्याच्या हाडावर मारतात. समोरून बरी दिसते, पण बोलताना किंवा मान वळवताना खालचा सगळा भाग उघडा पडतो. गळ्याच्या घाटीच्या वर दोन बोटं ठेवावीत. तिथून दोन्ही कानांच्या मागच्या बाजूपर्यंत हलकी गोलाई धरून रेघ घ्यावी आणि त्याखालचे केस काढावेत.

गालावरची रेघ नैसर्गिक आहे तशीच ठेवावी, फक्त वर उगवलेले सुटे केस काढावेत. एका बाजूला थोडं, मग दुसऱ्या बाजूला थोडं, असं सारखं करत बसलं की रेघ उतरत उतरत जबड्यापर्यंत येते. मिशी खाली विंचरून ओठावर येणारे केस तेवढे लहान कात्रीने कापावेत. मान आठवड्यातून एकदा आणि बाकी दाढी दहा-पंधरा दिवसांनी केली तरी पुरते.

धुणं आधी, तेल नंतर

शेतातली धूळ, भुसा आणि घाम दाढीत अडकून राहतो. रोज साध्या पाण्याने बोटं मुळापर्यंत नेऊन दाढी धुवावी. आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य साबण किंवा शाम्पू लावावा. कपड्याचा साबण चेहऱ्याला लावू नये. बोअरचं पाणी जड असेल तर साबण नीट निघत नाही आणि केस राठ होतात. अशा वेळी शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड्या पाण्याचा घ्यावा.

महागडं तेल हवंच असं नाही. अंग पुसल्यावर खोबरेल तेलाचे तीन-चार थेंब तळहातावर चोळून लावले की काम होतं. चेहऱ्यावर मुरमं असतील तर तेल टाळलेलं बरं. कोणत्याही तेलाने नवीन केस उगवत नाहीत. केस उगवण्यासाठी मोबाईलवरून मागवली जाणारी मिनॉक्सिडिल ही औषधं मुळात डोक्याच्या केसांसाठी आहेत. डॉक्टरांना न विचारता ती चेहऱ्यावर लावू नयेत.

सलूनमध्ये ब्लेड नवीनच हवं

हेपॅटायटिस बी म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. रक्ताचा डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असं नाही. ब्लेड नुसतं पाण्यात किंवा जंतुनाशकात बुडवून काढल्याने ते सुरक्षित होत नाही. तुरटीने रक्त थांबतं, पण विषाणूची खात्री देता येत नाही. तोच तुरटीचा खडा दहा जणांच्या जखमेवर फिरत असेल तर धोका वाढतोच.

वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालायची पद्धत चांगली आहे, पण ते गिऱ्हाइकासमोर नवीन पुडीतून काढलेलं असावं. "दादा, ब्लेड नवीन टाका" असं म्हणण्यात कसला कमीपणा नाही आणि कारागिराचा अपमानही नाही. वाटल्यास ब्लेड घरून न्यावं. हेपॅटायटिस बी वर लस आहे. मोठ्या माणसाला सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागतात.

घरी वापरलेलं ब्लेड उकिरड्यावर टाकू नये. चाऱ्यातून ते जनावराच्या पोटात जाऊ शकतं. जुन्या डब्यात बंद करून ठेवावं. ट्रिमरही प्रत्येकाचा वेगळा असावा. वापरून झाल्यावर ब्रशने केस झाडून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर सोडावा.

वासराचा गजकर्ण दाढीत

वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी, खरबरीत गोल चट्टे दिसतात. तो बुरशीचा आजार आहे आणि माणसाला लागतो. गाईच्या कुशीला डोकं किंवा गाल टेकवून धार काढणाऱ्याच्या दाढीत ही बुरशी सहज शिरते. सुरुवातीला पुरळ, मग सूज, पू आणि खपल्या येतात. तिथला केस ओढला की न दुखता हातात येतो. ही खूण दिसली की साधं मुरूम समजू नये.

इथे सगळ्यात मोठी चूक होते. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली कमी होते, पण आत बुरशी पसरत राहते. पुढे कातडी पातळ पडते आणि चेहऱ्यावर मुरमं उठतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली आहेत. दाढीतल्या गजकर्णाला मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. डॉक्टर काही आठवडे गोळ्या देतात. त्या मध्येच सोडू नयेत. सोबत वासरालाही पशुवैद्यकाला दाखवावं, नाहीतर आजार फिरून येतो.

रुपयाएवढा गुळगुळीत, बिनकेसांचा गोल पडला असेल तर ती चाई असू शकते. ती बुरशी नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यावर लसूण घासल्याने कातडी भाजते. केसतोड झालं तर ते फोडू नये, कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावं. नाक आणि वरच्या ओठाजवळचं तर अजिबात दाबू नये, तिथला संसर्ग आत डोक्यापर्यंत जाऊ शकतो. ताप, वाढती सूज किंवा डोळ्याजवळ दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

फवारणीच्या हंगामात

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच काम करतो. दाढीवर तो बसत नाही, कडेने हवा आत येते. नुसता रुमाल बांधल्याने औषधाची वाफ अडत नाही. ज्याला नेहमी फवारणी करावी लागते, त्याने हंगामापुरती दाढी काढलेली चांगली. मास्कच्या आत मावेल एवढी मिशी चालते. काढायची नसेल तर फवारणीचं काम दुसऱ्याकडे द्यावं. शेतातून आल्यावर हात आणि चेहरा साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू, पाणी किंवा जेवणाला हात लावू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पहिले चार आठवडे आकार देऊ नका.
- सुक्या दाढीवर, मोठ्या मापापासून ट्रिम करा.
- मानेची रेघ घाटीच्या वर दोन बोटं.
- रोज पाण्याने धुवा, तेल तीन-चार थेंबच.
- ब्लेड डोळ्यांसमोर नवीन काढलेलं हवं.
- चट्टा, पू किंवा न दुखता निघणारा केस दिसला तर ट्यूब नको. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा.