टपावरचा बर्फ

१. न्यू जर्सीत बर्फ पडल्यावर नुसती समोरची काच पुसून गाडी बाहेर काढता येत नाही. २०१० पासून बॉनेट, टप, डिकी आणि सगळ्या काचांवरचा बर्फ काढणे चालकावर बंधनकारक आहे. कसूर झाल्यास, बर्फ कुणावर पडला नसला तरी, २५ ते ७५ डॉलर दंड होतो. समोरचे दिसले की पुरे, टपावरचा बर्फ वाऱ्याने आपोआप उडून जाईल, असे यावर म्हटले जाते. पण तो उडतो हीच तर अडचण आहे. आतला हीटर तापला की टपाला चिकटलेला थर सुटतो. ब्रेक दाबताच तो घसरून चालकाच्याच काचेवर येतो, नाहीतर भरधाव वेगात पत्र्यासारखा उचलला जाऊन मागच्या गाडीवर आदळतो. भुसभुशीत बर्फाने काय होणार, हा आक्षेपही टिकत नाही; दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फाची कडक लादी होते. तिने कुणी जखमी झाले वा नुकसान झाले, तर खासगी गाडीच्या चालकाला २०० ते १,००० डॉलर दंड होऊ शकतो. कामावर जायला उशीर होत असतानाही मूळ मजकुरातला नायक लांब दांड्याच्या ब्रशने टप झाडत बसतो, त्याचे कारण हे. — संपा.