प्रवाळ मत्स्यालयातील जलप्रवाह

इंदूरचे मल्हारगंज हे मल्हारराव होळकरांच्या नावाने ओळखले जाणारे जुने वस्तीस्थान समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथे सागरी मत्स्यालय मांडायचे तर जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी आधी क्षारमुक्त करून घ्यावे लागते. मग त्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्रमीठ विरघळवले की खारे पाणी तयार होते. लाट मात्र विजेच्या पंपानेच उठवावी लागते.

प्रवाळ जागचे हलत नाही. अन्न आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत पाण्यानेच यावा, मल आणि श्लेष्मा पाण्यानेच वाहून जावा, अशी त्याची रचना आहे. पाणी संथ असले की त्याच्या अंगालगत स्थिर पाण्याचा पातळ थर साचतो आणि ही देवाणघेवाण मंदावते.

पंपाची क्षमता टाकीच्या आकारमानाच्या पटीत मोजण्याची रीत आहे. मऊ प्रवाळांना ताशी १० ते २० पट पुरते. बारीक फांद्यांच्या कठीण प्रवाळांना ४० पट किंवा अधिक लागते. म्हणजे २०० लिटरच्या टाकीत २० पटीसाठी ताशी ४००० लिटरचा प्रवाह हवा. तथापि हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. एकाच दिशेचा सरळ झोत समोरच्या प्रवाळाचे मांस सोलून काढतो आणि खडकामागे गाळ तसाच राहतो. म्हणून दोन पंप समोरासमोर बसवून आलटूनपालटून चालवावेत. प्रवाह एकमेकांवर आदळून विस्कळीत झाला पाहिजे. खडक काचेला टेकवून रचू नयेत. बहुशुंडके सगळ्या दिशांना डोलत असतील तर प्रवाह योग्य आहे. ती एकाच बाजूला आडवी झाली असतील तर झोत जास्त आहे. पंपावर चुन्याचा थर चढून त्याचा जोर घटतो, तेव्हा तो अधूनमधून सौम्य व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ करावा.

पृष्ठभाग सतत हलता ठेवण्याचे महत्त्व उन्हाळ्यात कळते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात वीज गेली तर भरगच्च टाकीतील मासे काही तासांत गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवापंप ही माळव्यात चैन नव्हे. गोव्यातील पावसाळी वादळांच्या रात्रीही तो तितकाच आवश्यक ठरतो.

गोमंतकीयांना समुद्र दारात असला तरी एक मोह टाळावा लागतो. मुरगावजवळच्या ग्रँड आयलंडभोवती आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात (स्थापना १९८७) प्रवाळे आहेत. परंतु प्रवाळभित्ती घडवणारी कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ व समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. ती उचलून आणणे गुन्हा ठरतो. टाकीत मृत प्रवाळाच्या तुकड्यांऐवजी सिरॅमिकचा कृत्रिम खडक वापरता येतो, आणि प्रवाहाला तो अडथळा की आधार, हे त्याच्या मांडणीवर ठरते.